वाण नाही, पण गुण

आमच्या नगर जिल्ह्याला दारू गाळायला येते, सोडायला येते, चाखायला तेवढी येत नाही. (जिल्हा कागदोपत्री आता अहिल्यानगर आहे, एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच.) गाळायचं म्हणाल तर श्रीरामपूरजवळ टिळकनगर आहे. महादेव लक्ष्मण डहाणूकरांनी १९३३ साली साखर कारखाना म्हणून जे सुरू केलं, त्यातूनच पुढे मॅन्शन हाउस ब्रँडीसारखी देशभर खपणारी बाटली निघाली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०-५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं आणि पाटाच्या पाण्याखाली एकामागून एक धुराडी उगवत गेली. धुराड्यामागे मळी आली, मळीमागे डिस्टिलरी. सोडायचं म्हणाल तर त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धी. १९७५ नंतर अण्णा हजारे गावी परतले आणि गावकऱ्यांनी देवळात बसून दारूच्या भट्ट्या बंद करायचं ठरवलं. म्हणजे उत्तरेला गाळणारे, दक्षिणेला सोडणारे, आणि मधल्या पट्ट्यात आम्ही, ज्यांना दोन्हीकडच्या लग्नांना जावं लागतं.

चाखणं मात्र राहून गेलं. चाखायला लागतो तो निवांतपणा आणि आपण पितो आहोत हे स्वतःशी कबूल करण्याची तयारी. आमच्याकडे माणूस पीत नाही, बसतो. ‘आज बसायचं का?’ या प्रश्नात काय प्यायचं हे कधीच नसतं. कुणाच्या मळ्यावर, कुणाच्या खिशातून आणि घरी काय सांगायचं, एवढंच असतं. ग्लासात नेमकं काय आहे याची चौकशी करणाऱ्याला बैठकीत पुन्हा कुणी बोलवत नाही. अशा मुलखात व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली लाल एल नावाची बिअर येऊन पोचली, तीही अक्काच्या घरात, हे मला अजून नीटसं खरं वाटत नाही.

अक्काचं घर म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाहिजे. दाजी माळकरी. एकादशी चुकत नाही, आषाढीची वारी शक्यतो चुकत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं या घरात भिंगाने वाचली जातात आणि त्यात अल्कोहोल निघालं की ती बाटली मेडिकलवाल्याकडे परत जाते. पण त्याच दाजींची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली. टनभर मळीतून सव्वादोनशे-अडीचशे लिटर स्पिरिट निघतं हा हिशेब त्यांना हरिपाठाइतका पाठ. फर्मेंटरमध्ये वॉश नीट चढतोय की आंबूस व्हायला लागलाय, हे ते लॅबचा कागद यायच्या आधी, लांबून वासावर सांगायचे. टाकीला एक्साइजच्या साहेबांचं कुलूप आणि दाजींच्या गळ्यात तुळशीची माळ, अशा दुहेरी बंदोबस्तात हजारो लिटर स्पिरिट त्यांच्या देखरेखीखाली टँकरमध्ये भरलं गेलं आणि त्यातला एक थेंब त्यांच्या जिभेला लागला नाही. घरी आले की शर्ट बाहेरच्या दोरीवर. तरीही घराला मळीचा, म्हणजे करपलेल्या गुळाचा आणि ओल्या मातीचा मिळून होतो तसा, एक वास कायम होता. भाची त्या वासात वाढली. पुढे शिकायला एडिंबरोला गेली. काय शिकते, असं कुणी विचारलं की अक्का सांगायची, ‘फूड टेक्नॉलॉजी.’

दिवाळीला भाची आली ती स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेली एक तपकिरी बाटली घेऊन. दाजी कीर्तनाला गेलेले पाहून तिने मला डोळ्याने गच्चीकडे खुणावलं. मामाला भाचीने असं खुणावणं हे आमच्या पिढीला नवीन. मी तिच्या जावळाला तिला मांडीवर घेऊन बसलेला माणूस. पण मामाचं नातं मुळातच थोडं वाकवता येईल असं देवाने घडवलं आहे, तेव्हा मी वाकलो. अडचण ग्लासांची होती. अक्काला काहीच कळलेलं नव्हतं, म्हणजे सगळं कळलेलं होतं. तिने शोकेसमधले दोन काचेचे ग्लास काढले, ओट्यावर ठेवले आणि भिंतीकडे बघत म्हणाली, ‘हे परत स्वैपाकघरात आणू नका. त्यात मला उद्या दूध द्यायचंय.’ काच धुतली की कोरी होते, तिच्यात काही राहत नाही, असं भाचीने सांगून पाहिलं. अक्का म्हणाली, ‘भांड्याला कळतं.’

गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून आम्ही बसलो. ओपनर कुणाकडेच नव्हता. जिन्याच्या दाराचा कोयंडा कामी आला. बाटलीवर छापील लेबल नव्हतं. साध्या चिकटपट्टीवर पेनाने तारीख, पिंपाचा नंबर आणि साडेसात टक्के एवढंच इंग्रजीत लिहिलेलं. बिअर थंडगार नव्हती, ही माझी पहिली तक्रार. ‘मामा, फार गार केली की जीभ झोपते,’ ती म्हणाली. तिने ग्लास तिरपा धरून ओतली. रंग राहात्याच्या डाळिंबाचा रस दोन तास उघडा राहिला तर होईल तसा, तांबडा आणि कडेला किंचित तपकिरी. वर बोटभर फेस, दुधाच्या सायीपेक्षा जरा मळकट. पहिल्या घोटात भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा लागला. मग साखर जळताना मधेच गॅस बंद केला तर येते ती गोडी. मग, ज्याची अपेक्षाच नव्हती असं सुकं खोबरं आणि व्हॅनिला. आणि हे सगळं गिळून झाल्यावर घशाच्या तळाशी एक ऊब, जी बिअरची नव्हती. जिन्यात कुणीतरी नुकतंच येऊन गेल्यासारखं वाटलं.

‘ती व्हिस्की,’ भाची म्हणाली. ‘ती तिथे नाहीये.’

मग तिने मला समजावून सांगितलं. रेड एल मूळ आयर्लंडची. खरपूस भाजलेल्या जवाची चिमूट आणि कॅरॅमलसारख्या गोड माल्टची थोडी भर, यातून तिचा लाल रंग येतो. कडवटपणा बेताचा, स्वभाव मवाळ. तिच्या नशिबात आधीपासूनच गेलेल्यांची सावली आहे. वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिसकॉर्थी गावी लेट कुटुंबाची ब्रुअरी होती, ती १९५६ साली बंद पडली. आणि बंद पडलेल्या त्या घराण्यातल्या जॉर्ज किलियन लेट यांच्या नावाने पुढे अमेरिकेत कूर्स कंपनीने लाल बिअर विकायला काढली. आता पिंप. अमेरिकन कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की ओकच्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपातच ठेवावी लागते. एकदा वापरलं की ते पिंप बर्बनच्या दृष्टीने म्हातारं. मग सुमारे दोनशे लिटरची ती पिंपं जहाजात बसून स्कॉटलंड-आयर्लंडला जातात आणि तिथल्या व्हिस्कीला सांभाळतात. तिथूनही रिकामी झाली की कुणी बिअरवाला ती विकत घेतो. जाळलेल्या लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिला देतं, ओकमधली लॅक्टोनं खोबऱ्याची आठवण देतात, आणि फळ्यांच्या आत जिरून बसलेली काही लिटर व्हिस्की, जी कुठल्याही पंपाने निघत नाही, ती नव्या बिअरमध्ये हळूहळू उतरते. रिकामं म्हणून जे विकलं जातं ते खरं तर रिकामं नसतं. जे ओतून घेता आलं नाही ते आत असतंच, आणि पुढच्याला तेच मिळतं.

तिच्या शहरातली गोष्ट मला सगळ्यात आवडली. विल्यम ग्रँट या व्हिस्कीवाल्यांना बिअरचा गुण लागलेल्या पिंपात व्हिस्की ठेवून बघायची होती. त्यांनी एडिंबरोच्या डुगल शार्प नावाच्या ब्रुअरकडून बिअर घेतली. पिंपं बिअरने भरायची, लाकडाला चव लागली की बिअर मोरीत ओतायची, असा बेत. म्हणजे बिअरची नेमणूक भांडं विसळायला. ओतायच्या आधी कामगारांनी ती प्यायली, आणि कामगारांचं मत कुठल्याही देशात वरपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, पण या वेळी पोचलं. २००३ साली त्याच बिअरसाठी इनिस अँड गन ही कंपनी निघाली. विसळणीच्या पाण्याने स्वतःचं दुकान थाटल्याचं हे उदाहरण एकमेव असावं.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला,’ मी म्हणालो. ही म्हण आपण नेहमी तक्रारीच्या सुरात वापरतो. पोरगं बिघडलं की शेजारच्या पोराकडे बोट दाखवताना. पण ग्लासातल्या लाल रंगाकडे बघताना मला तिच्यातली उदारता प्रथमच दिसली. पवळ्याचा रंग होता तोच राहिला, त्याच्यावर कुणी चुना फासला नाही. शेजाराने जे दिलं ते न मागता, न दाखवता दिलं. इथे तर गंमत अशी, की ढवळ्या केव्हाच विकून टाकला आहे. पवळ्याला बांधलंय ते त्याच्या मोकळ्या दावणीला. आणि तरी गुण लागतो.

माझ्या आजोळी, पाथर्डी तालुक्यात, पाणी विकत नाही तर वाट बघून मिळायचं. अंगणात पिंपांची रांग, टँकर आला की गलका. आजीकडे एक पिंप होतं, ते मामाने ऊसतोडीच्या हंगामाहून परतताना कुठल्याशा गुऱ्हाळावरून आणलं होतं. आधी त्यात काकवी असायची. पत्रा काही ओक नव्हे, त्याच्या अंगात काही जिरत नाही. पण तळाच्या दुमडीत, जिथे आजीचा हात आणि नारळाची शेंडी पोचत नव्हती, तिथे काकवी अडकून राहिली होती. त्या उन्हाळ्यात त्या पिंपातलं पाणी अगदी पुसटसं गोड लागायचं. मुंग्यांना ते आमच्या आधी कळलं. आम्ही पोरं तांब्या घेऊन त्याच पिंपाकडे जायचो आणि आजी ओरडायची, की ते प्यायचं नाही, सांडायचं आहे, म्हणजे भांड्यांचं. जूनपर्यंत गोडी संपली. मी तिला विचारलं होतं, पुन्हा काकवी कधी आणायची. ती म्हणाली, ‘आणायची कशाला? होती ना.’ त्या उत्तरात मला तेव्हा फक्त नकार ऐकू आला होता. घरात काकवी आणण्याइतके पैसे नव्हते, पण एकेकाळी काकवी असलेलं पिंप होतं, आणि तिच्या लेखी ती काही लहान श्रीमंती नव्हती.

अक्काच्या ‘भांड्याला कळतं’ या वाक्याकडेही मी मग वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. जुन्या घरांत मातीचं भांडं विटाळलं की फोडायचं आणि तांब्या-पितळेचं चिंच लावून घासून पुन्हा घ्यायचं, असा दंडक होता. त्यात सोवळ्याचा कडवटपणा पुष्कळ होता, माणसांना दूर ठेवण्याचा अन्याय होता, आणि तो गेला हे उत्तमच झालं. पण मातीला भोकं असतात, ती प्यायलेलं विसरत नाही, आणि धातू विसरतो, एवढी पाहणी मात्र त्यात खरी होती. ज्या कारणासाठी आमच्याकडे मडकं फोडलं, त्याच कारणासाठी तिकडे पिंपाची किंमत वाढली. एकाच गुणधर्माचा एकीकडे विटाळ झाला, दुसरीकडे व्यापार.

आमच्या बोलण्यात जिन्यातली पावलं ऐकू आली नाहीत. दाजी कीर्तन आटोपून थेट गच्चीवर. मी ग्लास पाठीमागे सरकवला. निवृत्तीच्या वयात सरकवला, हे लक्षात आल्यावर पुन्हा पुढे घेतला. दाजी काहीच बोलले नाहीत. कठड्याशी उभे राहिले, टोपी काढली, आणि मग, आमच्याकडे न बघता, त्यांनी हवेत एक लांब श्वास घेतला.

‘जवाचं आहे,’ ते म्हणाले. ‘मळीचं न्हाई.’

भाची उठून उभी राहिली. तिने ग्लास त्यांच्यापुढे धरला, आणि मग माळ आठवून मागे घेतला. दाजी हसले. ‘माळ गळ्यात हाये पोरी, नाकात न्हाई.’ त्यांनी ग्लास हातात घेतला, सरळ तोंडापुढे न नेता हनुवटीखालून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवला, टाकीच्या झाकणाची फट हुंगावी तसा. ‘लाकूड जळालेलं हाये. आधी स्पिरिट होतं त्यात, आपल्यासारखं न्हवं, बसून राहिलेलं. पण लाकूड दमलंय. दोनदा तरी वापरलेलं आसंल.’ जरा थांबून पुन्हा वास घेतला. ‘आन् पाच-सहा दिवस आधी काढायला पायजे होती. शेवटाला आंबटाचं नख लागलंय.’

मला अर्धा ग्लास पिऊन जे कळलं नव्हतं ते दाजींनी ओठ न लावता सांगितलं होतं. आपल्याकडची बहुतेक व्हिस्की मळीच्या स्पिरिटवर उभी असते. युरोपात तिला व्हिस्की म्हणूच देत नाहीत, धान्य हवं आणि तीन वर्षं लाकडात हवी. दाजींच्या फर्मेंटरमध्ये सगळा खेळ दीड-एक दिवसात आटपायचा आणि माल टँकरने रवाना. मुरण्याला तिथे फुरसत नव्हती. मुरले ते एकटे दाजी.

‘तुला कसं कळलं आंबटाचं?’ भाचीने वडिलांना नाही, मला विचारल्यासारखं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. दाजींनी बाटली उचलून गच्चीच्या दिव्याखाली धरली आणि चिकटपट्टीवरच्या तारखेवर बोट ठेवलं. ‘फूड टेक्नॉलॉजीत पिंपाचा नंबर घालायला शिकवत्यात व्हय?’ तारखेतल्या सातच्या अंकाच्या पोटातून एक आडवी रेघ गेली होती. डिस्टिलरीच्या टाकीची मापं लिहिताना एक आणि सात यांची गल्लत होऊ नये म्हणून दाजी अशी रेघ मारायचे, आणि लेकीला अंक गिरवायला शिकवताना त्यांनी तीच शिकवली होती.

मग ते सगळं बाहेर आलं. एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठातल्या तिच्या अभ्यासक्रमाचं खरं नाव ब्रुइंग अँड डिस्टिलिंग. ही बिअर तिने आणि तिच्या वर्गातल्या मुलांनी मिळून घातलेली, पिंप स्वस्तात मिळालेलं, म्हणजे दोन वेळा वापरलेलंच. आणि हो, परीक्षा मधे आल्यामुळे बाहेर काढायला आठवडाभर उशीर झाला होता. इतक्या लांबून स्वेटरच्या बाहीत घालून तिने ती आणली होती मला पाजायला नव्हे. मी निमित्ताचा धनी. तिला एक नाक हवं होतं, जे तिकडच्या कुठल्या प्रयोगशाळेत नव्हतं.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग माणसाला लेकीशी जे बोलायचं असतं ते बोलता येत नाही तेव्हा तो कामाचं बोलतो, तसं त्यांनी विचारलं, ‘घट किती येती?’ तिने सांगितलं, की स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली व्हिस्की वर्षाला दोनेक टक्के उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडे बंगळुरूच्या अमृतसारख्या कारखान्यात उष्म्यामुळे हाच वाटा दहा-बारा टक्क्यांवर जातो, म्हणून इथली व्हिस्की लवकर वयात येते. ‘बारा टक्के!’ दाजी म्हणाले. ‘एक्साइजला काय उत्तर देत्यात?’ आणि मग, बहुधा माझ्या हातातल्या ग्लासाची लाज झाकायला, ‘म्हंजे टाकीवरनं उडत हुतं त्ये देवाचं हुतं. आम्ही रोज आठ तास त्यातच उभं. त्याला परवाना लागतुया का?’

मी त्यांना धीर दिला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून जागा आहे. दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला, न्यायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि तो प्रकृतीच्या जपणुकीसाठी दिला जातो असं कागदावर गंभीरपणे लिहिलेलं असतं. सौम्य बिअरला एकविसावं वर्ष, कडक दारूला पंचविसावं. व्हिस्कीच्या आठवणीत मुरलेल्या बिअरला किती, हे कायद्याने सांगितलेलं नाही, आणि श्वासाबद्दल तर तो अगदीच मुका आहे. दाजींचं समाधान झालेलं दिसलं. खालून अक्काने जेवायला हाक मारली आणि ग्लास तिकडेच राहू द्यायची आठवणही दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाला शेजारचे काका आले. पोरगी परदेशात काय शिकते, हा प्रश्न करंजीबरोबर आलाच. अक्काने सवयीने ‘फूड’ एवढं म्हटलं होतं. दाजी चष्मा पुसत मधेच म्हणाले, ‘न्हाई, न्हाई. आमच्याच लायनीत आहे.’